डोझरची एक पाळी: नागपूर जिल्ह्यातल्या एका कोळसा गावातली शिळावर्तुळं

(प्रकरण अभ्यास. गाव, कंपनी आणि माणसं ओळखू येतील असे सगळे तपशील काढून टाकले आहेत.)

जागा आणि जमीन

कन्हान खोऱ्यातलं हे गाव, हजार-बाराशे वस्तीचं. पूर्वेला नदीकाठची काळी वावरं, त्यांत पऱ्हाटी आणि तूर. पश्चिमेला जमीन हळूहळू चढते आणि तांबूस मुरमाची बरड लागते. तिला गावात ‘गोट्याची बरडी’ म्हणतात. बरडीवर हातभर माती, तिच्याखाली झिजलेल्या वालुकाश्माचा मुरूम, आणि मग अखंड तांबूस वालुकाश्म. हा कामठी वालुकाश्म. कामठीच्या परिसरातल्या दगडावरून या खडकगटाला ते नाव पडलं आणि आज गोदावरी खोऱ्यापर्यंत तेच वापरतात. त्याच्याखाली मोटूरचे चिकणमातीचे थर आणि त्याखाली बराकर. कोळसा या बराकर थरांतला, साधारण २८ कोटी वर्षांपूर्वीचा. इथे तो सुमारे ६० मीटर खोल लागतो आणि वेगवेगळ्या थरांची मिळून जाडी १२ मीटर भरते.

बरडीच्या पश्चिमेला तीनेक किलोमीटरवर काळ्या दगडाची टेकडी आहे. दख्खनच्या लाव्हाचा, म्हणजे बेसॉल्टचा पूर्वेकडचा काठ नागपूरच्या आसपास संपतो. सीताबर्डीची टेकडी आणि सेमिनरी हिल्स बेसॉल्टच्या आहेत, आणि शहराच्या पूर्वेला गेलं की त्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडतात. एका दिवसाच्या पायपिटीत गोंडवन, लॅमेटा आणि बेसॉल्ट (अनुक्रमे कोळशाचे थर असलेला खडकगट, बेसॉल्टच्या लगेच खालचे थर आणि लाव्हा) असे तिन्ही काळ दिसावेत, असं इथलं भूगर्भशास्त्र आहे. बरडीवरचे गोटे काळे आहेत आणि बरड तांबडी. पुढच्या सगळ्या वादाचं मूळ या एका विसंगतीत होतं.

नागपूर परिसराचे खडक १८५० च्या दशकात पहिल्यांदा नीट मांडले ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी. कामठी-सिलेवाडा भागातून दगडातल्या पानांचे ठसे हिस्लॉपने गोळा केले. त्याचबरोबर शिळावर्तुळांकडेही, म्हणजे प्राचीन माणसांनी गोलात मांडलेल्या मोठ्या दगडांकडेही, त्याचं लक्ष होतं. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची वर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून त्याचा मृत्यू झाला. एकाच माणसाच्या झोळीत कोळशाची पानं आणि गोट्यांचे गोल दोन्ही होते. या प्रकरणात मात्र भूगर्भ एका टेबलावर आणि पुरातत्त्व दुसऱ्या टेबलावर होतं, आणि दोन्ही टेबलं बराच काळ एकमेकांशी बोललीच नाहीत.

गोटे काय होते

विदर्भातली शिळावर्तुळं लोहयुगातली. सर्वसाधारणपणे इसवी सनपूर्व पहिल्या सहस्रकातली, मृतांच्या स्मरणार्थ किंवा दफनासाठी रचलेली. नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा ही नावं अभ्यासकांना पाठ आहेत. जुनापाणीला तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत. माहुरझरीला घोड्यांचे अवशेष आणि त्यांचा तांब्याचा साज मिळाला. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टीच सापडली. नावाजलेल्या या जागांच्या पलीकडे जिल्ह्यात लहान लहान समूह विखुरलेले आहेत. त्यांतले कित्येक कोणत्याही संरक्षित यादीत नाहीत.

रचना सोपी असते. बाहेर मोठ्या, न घडवलेल्या दगडांचं कडं, बहुतेक वेळा १० ते १५ मीटर व्यासाचं. आत मातीत खडे-गोटे भरून मधोमध किंचित उंचवटा केलेला. त्याखाली, फार तर दीड-दोन मीटरच्या आत, मडकी, लोखंडी हत्यारं, मणी आणि कधी कधी हाडं. दीड-दोन मीटर हा आकडा लक्षात ठेवावा. कोळसा ६० मीटरवर आहे. खाण पंचवीस वर्षं चालेल, पण वर्तुळ ज्या थरात आहे तो थर सगळ्यात आधी, माती सोलण्याच्या पहिल्याच टप्प्यात जातो. एक वर्तुळ नाहीसं व्हायला डोझरची एक पाळीसुद्धा लागत नाही.

प्रश्न कसा उभा राहिला, किंवा आधी का राहिला नाही

उघड्या खाणीच्या विस्तारासाठी जमीन घ्यायची ठरली. भूसंपादन १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली. या कायद्यात कलम ४ ची अधिसूचना शोधकामासाठी निघते, कलम ७ ची संपादनाचा इरादा सांगते आणि कलम ८ नुसार हितसंबंधितांना ३० दिवसांत हरकत घेता येते. गावातून बेचाळीस हरकती गेल्या. सगळ्या दर, नोकरी आणि विहिरींबद्दल. गोट्यांबद्दल एकही नाही. लोकांना गोटे माहीत नव्हते असं नाही. हरकतीचा फॉर्म त्यासाठी असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पर्यावरण अहवालात एक ओळ होती: प्रकल्पाच्या परिघात एकही संरक्षित स्मारक नाही. ओळ खरी होती. पण वाचणाऱ्यांनी ‘संरक्षित नाही’चा अर्थ ‘अस्तित्वात नाही’ असा घेतला. अहवाल करणाऱ्यांनी यादी तपासली, बरडीवर कुणी चढलं नाही.

जनसुनावणीत एक आजी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘‘साहेब, थे गोटे कोनं नाई हालवत आमच्याकडं.’’ इतिवृत्तात नोंद झाली ती अशी: ‘ग्रामस्थांनी धार्मिक स्थळाबाबत चिंता व्यक्त केली.’ त्यावर कंपनीचं लेखी उत्तर: ‘पुनर्वसन वसाहतीत मंदिरासाठी भूखंड देण्यात येईल.’ प्रश्न आणि उत्तर दोन्ही प्रामाणिक होती, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

मग कामाला सुरुवात झाली. बॉक्स कटच्या, म्हणजे खाण उघडायला घेतलेल्या पहिल्या चराच्या, वरच्या कडेला पाणी वळवायला नाली खोदताना डोझरने एका वर्तुळाचा पूर्वेकडचा अर्धा भाग उचलून बाजूला लोटला. ढिगाऱ्यात गावातल्या मुलांना तांबूस मणी सापडले. जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकांनी मुलांकडून ते मागून घेतले, तेवीस भरले, आणि कुठल्या ढिगातून कोणत्या दिवशी आले हे वहीत लिहून ठेवलं. पुढे या प्रकरणातला पहिला ठोस पुरावा म्हणून उभी राहिली ती ही वही.

हे गोटे मांडलेले की पडलेले?

पहिली बैठक या एका प्रश्नावर अडकली. खाणीकडचं म्हणणं असं: शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या वावरातले गोटे वेचून बाजूला टाकतात, हे तेच ढीग. दुसरा मुद्दा: कन्हान सातपुड्याकडून बेसॉल्टचे गोटे आणते, जुन्या पुराने ते बरडीवर आले असतील. दोन्ही शंका रास्त आहेत आणि दोन्ही तपासता येतात. तपासणी दोन दिवसांत झाली. तिचा क्रम इतरांना उपयोगी पडावा म्हणून जरा सविस्तर.

आधी खाणीच्याच बोअरहोलच्या नोंदी मागवल्या. बरडीच्या परिसरातल्या सहा बोअरमध्ये वरपासून वालुकाश्मच होता. बेसॉल्टचा थर एकाही बोअरमध्ये नव्हता. म्हणजे दगड जागच्या जागी झिजून वर आलेले नाहीत, बाहेरून आले. पुराने आले म्हणावं तर नदीचा गोटा घासून गुळगुळीत झालेला असतो, आणि पूर गोट्यांना आकारानुसार गोलात बसवत नाही. इथले दगड गोलसर होते खरे, पण त्यांच्यावर कांद्यासारखे पापुद्रे सुटत होते. बेसॉल्ट हवेत झिजताना असाच गोल होतो, त्याला नदी लागत नाही. असेच दगड पश्चिमेच्या टेकडीच्या पायथ्याशी आजही पडलेले आहेत.

वेचून टाकलेल्या ढिगाबद्दल बोलायचं तर तो धुऱ्यावर असतो, त्यात मुठीएवढ्यापासून डोक्याएवढ्यापर्यंत सगळं मिसळलेलं असतं, आणि कुठे ना कुठे नांगराच्या फाळाचा ओरखडा दिसतो. इथे कड्यातले दगड साठ सेंटिमीटर ते एक मीटरचे, निवडून आणलेले. प्रत्येकाचा तिसरा हिस्सा जमिनीत गाडलेला. मधला भाग कडेपेक्षा अर्धा मीटर उंच. तीन दगडांवर ओळीने कोरलेले वाटीसारखे खळगे होते, जुनापाणीच्या दगडांवर दिसतात तसे. खळगे पाहिल्यावर खाणीच्या भूगर्भशास्त्रज्ञांनी स्वतःच वाद थांबवला.

सातबारा उताऱ्यांचा उपयोग इथे झाला. आजूबाजूचे गट लागवडीचे असताना चार गटांत मधूनच ‘पोटखराबा, वर्ग अ’ असं लहान लहान क्षेत्र नोंदलेलं होतं. नांगर चालत नाही म्हणून तलाठ्याने कधीकाळी केलेली नोंद. ती नकाशावर टाकली तेव्हा वर्तुळांच्या समूहाशी तंतोतंत जुळली. शिळावर्तुळांचा सरकारदरबारी असलेला एकमेव पुरावा महसूल खात्याने नकळत जपून ठेवला होता! विदर्भात अशी जागा शोधायची असेल तर उपग्रह चित्राच्या आधी पोटखराबा पाहावा. काम स्वस्तात होतं.

मोजणीत एकूण १४ वर्तुळं भरली. गावकरी वीस-बावीस सांगत होते. बाकीची गेल्या दोन पिढ्यांत विहिरीच्या बांधकामात आणि घरांच्या पायात गेली होती, हेही त्यांनीच सांगितलं.

वजन करून पाहिलेले पर्याय

१४ वर्तुळं खाणीच्या आराखड्यावर टाकल्यावर चित्र बदललं. पाच खाणीच्या पोटात होती, दोन हॉल रोडच्या, म्हणजे डंपरच्या रस्त्याच्या रेषेत, आणि सात ओबीच्या, म्हणजे वरच्या दगडमातीच्या ढिगाखाली जाणार होती. तोवर सगळे ‘कोळसा की वारसा’ अशी भाषा करत होते. आता दिसलं की १४ पैकी ९ वर्तुळांखालचा कोळसा कुणाला नकोच होता. तिथे फक्त माती टाकायची होती. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. दोन महिने तावातावाने बोलण्यात गेले.

ढिगाबद्दल एक सूचना अशी आली की वर्तुळं मातीखाली झाकून ठेवू, तीही सुरक्षित राहतील. ऐकायला बरं वाटतं. पण ६० मीटर उंचीचा ढीग म्हणजे घनमीटरला दोन टन धरले तरी चौरस मीटरवर १२० टन. मडक्यांचा चुरा होतो, मऊ झालेली हाडं चेपून जातात, आणि ढिगातून झिरपणारं पाणी लोखंडाला खात राहतं. शिवाय तो ढीग कोण, कधी उपसणार? हा पर्याय लगेच बाद झाला.

खाणीतल्या पाच वर्तुळांसाठी बेट राखायचा हिशेब झाला. पाचांचं क्षेत्र ९० बाय ७० मीटर. भोवती २० मीटर मोकळी पट्टी, आणि ६० मीटर खोलीपर्यंत ४५ अंशांचा उतार धरला तर प्रत्येक बाजूला आणखी ६० मीटर. कोळशाच्या माथ्यावर बेट २५० बाय २३० मीटरचं होतं, म्हणजे ५७,५०० चौरस मीटर. त्याला १२ मीटर जाडी आणि घनमीटरला दीड टन लावले की १० लाख टनांहून अधिक कोळसा अडकतो. कंपनी हे मान्य करणार नव्हती, पण पुरातत्त्वाच्या बाजूनेही बेट सोयीचं नव्हतं. चारही बाजूंनी खोल खड्डा असलेल्या मुरमाच्या सुळक्यावर पावसाळ्यागणिक कडा ढासळतात आणि खाण भरून येईपर्यंत तिथे पाऊल ठेवता येत नाही. हीच पाच वर्तुळं खाणीच्या कडेला असती तर आम्ही, म्हणजे या कामात पडलेल्या मंडळींनी, बेटाऐवजी भूशिराचा आग्रह धरला असता. उतार मग तीनच बाजूंना लागतो आणि अडकणारा कोळसा बराच कमी होतो.

उरले तीन मार्ग: उत्खनन करून नोंद घेणं, दगड क्रमांक लावून दुसरीकडे मांडणं, किंवा नुसतं छायाचित्रण. नुसत्या छायाचित्रणाच्या बाजूने खर्च आणि वेळ सोडून काहीही नव्हतं.

नोकरीचा पेच

सगळ्यात अवघड निर्णय दगडांचा नव्हता. ज्या चार गटांवर वर्तुळं होती त्यांतला एक गट दोन एकरांना जेमतेम भरणारा. कोळसा पट्ट्यात दोन एकरांमागे एक नोकरी हा हिशेब घराघरात पाठ आहे. जागा राखली तर संपादनातून वगळली जाईल, आणि त्या घरातल्या मुलाची नोकरी जाईल. ग्रामसभेत हा प्रश्न निघाला तेव्हा सभा सरळ दोन भागांत तुटली. गोट्यांच्या बाजूने बोलणाऱ्या उपसरपंचांना त्यांच्याच भावकीने गप्प बसवलं. रात्रीतून एखादा जेसीबी येऊन बरडी साफ करून जाईल अशी भीती खरी होती, आणि ती कंपनीबद्दल नव्हती.

तोडगा निघाला तो असा: जमीन संपादनात ठेवायची, मोबदला आणि नोकरी ठरल्याप्रमाणे द्यायची, आणि संपादित झाल्यावर कंपनीने ती जागा वापरायची नाही, कुंपण घालायचं. खाणीभोवती हरितपट्टा ठेवावाच लागतो. त्या हिशेबात ही जागा धरली गेली, फक्त झाडं लावायची नाहीत अशा अटीवर. मुळं वर्तुळं फोडतात. हे लेखी झाल्यावर गावातला विरोध आठवड्यात विरला. पुढे अशा कामात पडणाऱ्याने पुरातत्त्वाचा नकाशा उघडण्याआधी गटनिहाय खातेदारांची यादी उघडावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

केलेली कामं

ढिगाची सीमा उत्तरेकडे १४० मीटर सरकवली. डंपरच्या प्रत्येक फेरीत जाऊन-येऊन २८० मीटर वाढले. हॉल रोडला दोन ठिकाणी बाक दिला. अशा रीतीने नऊ वर्तुळं जागेवर राहिली.

उत्खननासाठी परवाना लागतो आणि तो केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांकडून येतो. विद्यापीठ असो की राज्याचा पुरातत्त्व विभाग, कुणालाही हे चुकत नाही. मणी आणि मडकी मिळाल्याची लेखी सूचना १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते: काय मिळालं, किती, कुठे, कधी. शिक्षकांच्या वहीमुळे हे पत्र एका संध्याकाळी तयार झालं.

परवान्याचा अर्ज ऑक्टोबरअखेर गेला, परवाना जानेवारीच्या मध्यात हातात आला. विदर्भात खोदकामाचा हंगाम नोव्हेंबर ते मे. त्यातले अडीच महिने कागदात गेले. १५ मीटरचं एक वर्तुळ चार पाव भागांत, मध्ये अर्ध्या मीटरच्या उभ्या भिंती राखून, बारा-पंधरा मजुरांसह नीट खोदायला तीन ते चार आठवडे लागतात. एप्रिल-मेमध्ये सकाळी सहा ते अकरा एवढंच काम होतं. त्यानंतर नागपूरचं ऊन माणसाला उभं राहू देत नाही. सगळी माती पाच मिलिमीटर जाळीच्या चाळणीतून गेली. मणी हाताने वेचताना सुटतात, चाळणीत सापडतात.

तीन वर्तुळं पूर्ण झाली. पहिल्यात काळी-तांबडी मडकी, अभ्रकाची चमक असलेली तांबडी मडकी, दोन छिन्न्या आणि एक चपटी लोखंडी कुऱ्हाड. कुऱ्हाडीच्या पात्यावर दांड्याला जखडायच्या आडव्या पट्ट्या जागेवर होत्या. विदर्भातल्या शिळावर्तुळांची ही ओळखीची खूण. दुसऱ्यात हाडांचे तुकडे आणि मणी. तिसऱ्यात काहीच नाही, नुसती खड्यांची भर. बघायला आलेल्या गावकऱ्यांची निराशा झाली, पण रिकामं वर्तुळही नोंदवण्यासारखं असतं. चौथं निम्मं खोदून झालं आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला. परवान्याची मुदत संपली, खाणीची कड पुढे सरकली, ते निम्मंच राहिलं. डोझरने फोडलेल्या पाचव्या वर्तुळाचा उरलेला अर्धा भाग मात्र तपासून झाला.

पहिल्या वर्तुळाचं कडं शाळेजवळ पुन्हा मांडलं. दगड ३८. प्रत्येकावर रंगाऐवजी ॲल्युमिनियमची पट्टी बांधून क्रमांक, वरची बाजू आणि उत्तर दाखवणारा बाण, आणि किती गाडलेला होता ती खोली. बेसॉल्ट जड असतो: एक मीटर लांब, ८० सेंटिमीटर रुंद, ७० जाडीचा दगड दीड टनाच्या वर भरतो. त्याला हायड्रा, म्हणजे फिरती क्रेन लागते.

काय बिघडलं

हायड्राच्या चालकाकडे नायलॉनचे पट्टे होते, पण दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्या साइटवर गेले आणि त्याने साखळी लावली. खळगे असलेल्या तीन दगडांपैकी एकावर तिरपा पांढरा ओरखडा उठला. तो आता कायमचा. पट्टे आणि खळग्यांचे दगड एका कागदावर लिहून केबिनमध्ये चिकटवले असते तर टळलं असतं.

कुऱ्हाड त्याहून वाईट गेली. जमिनीतून निघालेलं लोखंड बाहेरून धड दिसतं, आत बहुतेक गंज झालेला असतो आणि त्यात क्षार मुरलेले असतात. त्याला पाणी लावायचं नाही, घासायचं नाही. कोरड्या डब्यात सिलिका जेल घालून लगेच प्रयोगशाळेकडे द्यायचं. साइट ऑफिसमध्ये पाहुणे येणार म्हणून कुणीतरी ती नळाखाली धुऊन तारेच्या ब्रशने स्वच्छ केली. पाहुण्यांना ती छान चमकताना दिसली. तीन आठवड्यांत पाते थराथराने सुटले आणि एक आडवी पट्टी गळून पडली. रेखाटन आणि फोटो आधी झाले होते, एवढंच हाताशी राहिलं.

सुरुंगाच्या हादऱ्याकडे सुरुवातीला दुर्लक्ष झालं. राखलेल्या समूहातलं सगळ्यात जवळचं वर्तुळ खाणीच्या कडेपासून २६० मीटरवर आहे. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात ऐतिहासिक वास्तूंसाठी कंपनाची मर्यादा ८ हर्ट्‌झच्या खाली सेकंदाला २ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्‌झला ५ आणि त्यावर १० अशी आहे. खाणीबाहेरच्या साध्या घरांसाठी हीच ५, १० आणि १५. बरडी संरक्षित नसल्याने कंपनी घरांची मर्यादा लावत होती. कंपनमापक ठेवल्यावर ७ हर्ट्‌झला ३.१ मिलिमीटर आलं. घरासाठी चालेल, सैल खड्यांच्या उंचवट्यासाठी नाही. एका विलंबाला, म्हणजे एका क्षणी एकत्र, फुटणारी दारू ९० किलोवरून ५० वर आणली आणि आकडा २ च्या खाली आला. छिद्रांची संख्या कमी करावी लागली नाही, फक्त विलंब वाढवले.

दगडातली पानं

याच खाणीत कोळशाच्या थरांमधल्या राखाडी शेलमध्ये पानांचे ठसे निघतात. जिभेच्या आकाराचं पान, मधोमध ठळक शीर, तिच्यापासून जाळीसारख्या फुटलेल्या बारीक शिरा. हे ग्लॉसॉप्टेरिस. ज्या झाडोऱ्याचा कोळसा झाला त्यातलंच. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका एकेकाळी जोडलेले होते याचे दाखले देताना हेच पान पुढे करतात, आणि त्या जोडखंडाला नाव मिळालं ते इथल्या गोंडांच्या प्रदेशावरून.

वर्तुळांसाठी निदान काही कायदे लागू करता आले. पानांसाठी या प्रकरणाच्या वेळी वेगळा कायदा नव्हता. भूवारशाच्या विधेयकाचा मसुदा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. शेल हवेत आला की एका उन्हाळ्यात त्याचे पापुद्रे सुटतात, ठसा उडून जातो. म्हणून पाळीप्रमुखाला साधी सूचना दिली: ठसा दिसला तर लादी आडवी ठेवून वर्तमानपत्रात गुंडाळायची, कोणत्या थराच्या वरून आली ते खडूने लिहायचं, सावलीत ठेवायची. पहिल्या पावसाळ्याआधी ३१ लाद्या जमल्या. त्यांतल्या ९ वर थराचा क्रमांक नव्हता. त्या शाळेला दाखवायला ठीक, अभ्यासाला निरुपयोगी.

वेगळं काय करता आलं असतं

कलम ४ ची अधिसूचना निघते तेव्हा शोधकाम करणारी माणसं तशीही बरडीवर फिरत असतात. बोअरच्या जागा आखताना दगडांचे गोल दिसले तर नोंदीत एक रकाना पुरेसा होता. तिथपासून माती सोलेपर्यंत काही वर्षं हाताशी असतात आणि तीन हंगाम सहज मिळतात. इथे एकच मिळाला, तोही अर्धा.

परवान्याचा अर्ज जूनमध्ये गेला असता तर चौथं वर्तुळ पूर्ण झालं असतं. जनसुनावणीचं इतिवृत्त लिहिताना ‘धार्मिक स्थळ’ लिहिण्याआधी आजींना एक उलटा प्रश्न विचारला असता, तर डोझरच्या आधी कुणीतरी बरडीवर चढलं असतं. ढीग आणि रस्त्याचा नकाशा पहिल्या दिवशी मागायला हवा होता, हे आमच्याकडून सुटलं. चौथ्या वर्तुळावर मात्र आमचं एकमत नाही: काहींच्या मते तिसरं रिकामं दिसू लागताच माणसं चौथ्याकडे हलवायला हवी होती. पण रिकामं आहे हे पूर्ण खोदल्याशिवाय कळत नाही.

आजची स्थिती

नऊ वर्तुळांभोवती कुंपण आहे. दारावर दोन कुलपं: एक किल्ली खाणीच्या सर्व्हे ऑफिसात, दुसरी ग्रामपंचायतीत. दर पावसाळ्यानंतर प्रत्येक कड्याची मोजणी होते. दुसऱ्या वर्षी कुंपणाच्या उत्तर टोकाला ढिगाची माती वाहून आली आणि एका कड्याचे चार दगड निम्मे गाडले गेले. तिथे आता दगडी गटार आहे. तेवीस मणी अजून जिल्हा कोषागारात सीलबंद आहेत, आणि शिक्षकांच्या वहीची प्रत त्याच पाकिटात.

शेजारच्या गावात कलम ४ ची अधिसूचना नुकतीच निघाली. या गावच्या ग्रामसेवकांनी तिथल्या तलाठ्याला फोन करून पोटखराब्याचे गट काढायला सांगितले. सहा निघाले. त्यांतल्या दोनांवर काळे गोटे आहेत.